हरणासाठी लिव्हर रायफल, कमरेला रिव्हॉल्व्हर: काडतूस एकच हवं का?

वाचकाचं पत्र

ओहायोत कोलंबसजवळ राहतो, वय ४६. ग्रीन कार्ड आल्यावर रुगर जीपी-१०० रिव्हॉल्व्हर घेतली: .३५७ मॅग्नम, बॅरल ४.२ इंच. रेंजवर मी आणि बायको दोघंही तिच्यातून .३८ स्पेशल, म्हणजे तिच्यात बसणारं आखूड आणि सौम्य काडतूस, चालवतो. यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा केला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या गन वीकमध्ये, म्हणजे बंदुकीने हरीण मारायच्या आठवड्यात, एका स्नेह्याच्या शेतावर व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला बसणार आहे. मचाणावरून झाडीत ६०-७० यार्ड दिसतं, मक्याच्या शेताच्या कडेला १२० पर्यंत. मला लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाभोवतीचा दांडा, म्हणजे लिव्हर, पुढे-मागे चालवून काडतूस भरणारी) हवी आहे आणि काडतूस रिव्हॉल्व्हरचंच असावं असं वाटतं. .३५७ घेऊ, की .४४ मॅग्नम घेऊन तिच्या जोडीला दुसरी रिव्हॉल्व्हर घेऊ? रोसी कंपनीची रायफल सगळ्यांत स्वस्त मिळते आहे, ती चालेल का? चष्मा आहे, जवळचं धूसर दिसतं. एक मित्र एच-१बीवर आहे, तोही सोबत येईल. त्याच्याकडे माझी रिव्हॉल्व्हर दिली तर चालेल का?

उत्तर

नमस्कार,

पत्रातला एक आकडा आधी बाजूला काढतो: ४.२ इंच. ओहायोत हरणावर हँडगन चालवायची तर बॅरल किमान ५ इंच लागते आणि काडतूस सरळ भिंतीचं (ज्याची पितळी पुंगळी तोंडाशी एकदम निमुळती होत नाही असं), .३५७ किंवा त्याहून मोठं. तुमची जीपी-१०० काडतुसाच्या अटीत बसते, बॅरलच्या अटीत बसत नाही. म्हणजे या रिव्हॉल्व्हरने हरीण मारता येणार नाही. जखमी होऊन पडलेल्या हरणाला शेवटची गोळीही रायफलनेच द्यावी लागेल. रायफलमध्येसुद्धा चेंबरमधलं, म्हणजे झाडायला तयार असलेलं, धरून तीनच काडतुसं भरायची, मग बॅरलखालच्या मॅगझिनच्या नळीत दहा मावत असली तरी. जास्तीची खिशात ठेवा. नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते, तेव्हा ओहायो डिव्हिजन ऑफ वाइल्डलाइफची यंदाची पुस्तिका एकदा नीट वाचून घ्या.

मग एकाच काडतुसाचा फायदा काय? १८७३ च्या विंचेस्टर रायफलचं .४४-४० काडतूस कोल्टने १८७८ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरला दिलं, तेव्हा फायदा उघड होता. दुकान चार दिवसांच्या वाटेवर असे, आणि एकच पट्टा दोन्ही हत्यारांना पुरत असे. तुम्हाला तसली अडचण नाही. तुमचा फायदा सरावात आहे. .३८ स्पेशलचा डबा .३५७ च्या रायफलमध्येही चालतो, धक्का नगण्य असतो, आवाज कमी असतो, आणि वर्षाकाठी पाचशे गोळ्या झाडणं खिशाला झेपतं. पहिल्याच मोसमात मचाणावर बसणाऱ्या माणसाच्या हातून हरीण स्वच्छ मरेल की नाही, हे या पाचशे गोळ्यांवर ठरतं. म्हणून तुम्हाला .३५७ च घ्या म्हणतो. मात्र अंतराची एक मर्यादा पाळायची, तिच्याकडे आता येतो.

बॅरल लांब झाली की या काडतुसात काय बदलतं ते बघा. १५८ ग्रेनची, म्हणजे साधारण १० ग्रॅमची गोळी ४ इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने निघते. तीच १८-२० इंची रायफलमधून १,८०० फुटांच्या आसपास जाते. ऊर्जा सुमारे ५३५ फूट-पाउंडांवरून ११०० च्या वर, म्हणजे दुपटीहून जास्त. याचं कारण सावकाश जळणारी दारू. चार इंचांत ती पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी भडका होऊन वाया जाते. लांब बॅरलमध्ये तोच दाब गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहतो. पण ही गोळी बोथट असते, हवा तिला लवकर अडवते. १०० यार्डांवर ती १,४०० फुटांच्या आसपास येते, ऊर्जा सुमारे ७०० उरते.

.४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी रायफलमधून सुमारे १,७६० फुटांनी निघते आणि १०० यार्डांवर साधारण १,००० फूट-पाउंड घेऊन पोचते. .३५७ जेवढा जोर २५ यार्डांवर दाखवते, तेवढा .४४ शंभरावर दाखवते. फरक हा एवढा आहे. १२० यार्डांवरच्या मक्याच्या कडेला गोळी टाकायचीच असेल, तर .४४ घ्या आणि काडतूस एक ठेवायचा हट्ट सोडा. दुसरी रिव्हॉल्व्हर घेण्याचं काहीच कारण नाही. पण मचाण झाडीकडे वळवून ८० यार्डांच्या आत थांबायची तयारी असेल, तर .३५७ पुरते, आणि नीट पुरते. पहिल्या मोसमाला मी ८० यार्डांचीच हद्द घालेन. मचाणावरून रेंजफाइंडरने चार झाडांची अंतरं मोजून ठेवा आणि ८० च्या पलीकडचं हरीण जाऊ द्या.

.४५ कोल्टचं नाव तुम्ही काढलं नाहीत, तरी दुकानात कुणीतरी काढेलच. त्याचा ठरलेला कमाल दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), .३५७ चा ३५,०००. हरणासाठी त्याचे जोरदार लोड, म्हणजे जास्त ताकदीने भरलेली काडतुसं, मिळतात, पण ते फक्त मजबूत बनावटीच्या हत्यारांसाठी असतात. एकाच घरात रायफलसाठी आणलेला असा डबा चुकून जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गेला, तर सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, फुटू शकतो. काडतूस एक ठेवण्याची सोय तिथे उलटते.

हाच धडा सौम्य रूपात .३५७ लाही लागू आहे. कॅलिबर एक असलं म्हणून डबा एक असतो असं नाही. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरमध्ये भरतात ती १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी १,४०० फुटांच्या आसपास उमलायला बनवलेली असते. रायफलमधून ती २,००० फुटांच्या वर जाते आणि हरणाच्या खांद्याच्या हाडावर आपटून तुकडे होते. जखम दिसायला मोठी, पण खोली नाही. हरीण फुप्फुसापर्यंत गोळी न पोचता पळतं आणि रात्रभर कुठेतरी तडफडतं. या काडतुसाच्या बाबतीत होणारी सगळ्यांत वाईट चूक हीच. शिकारीसाठी १५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट घ्या. उघड्या शिशाचं चपटं टोक, बाकी तांब्याचं जाड आवरण. किंवा १८० ग्रेनची कठीण शिशाची ओतीव गोळी, रुंद चपट्या नाकाची. ती फारशी उमलत नाही, पण आरपार जाते. मचाणावरून गोळी वरून शिरते. आरपार गेली तर खालच्या भोकातून रक्त सांडतं आणि माग काढता येतो. शिरली आणि आतच राहिली, तर वरच्या एकट्या भोकातून बराच वेळ काहीच सांडत नाही.

चपटं टोक आणखी एका कारणासाठी हवं. लिव्हर रायफलच्या नळीत काडतुसं एकापुढे एक आडवी असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीला, टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने नळीतच बार उडू शकतो. हॉर्नाडी कंपनीच्या एफटीएक्स गोळीला टोक आहे, पण ते मऊ रबरासारखं आहे, म्हणून ती चालते. .३५७ मध्ये ती १४० ग्रेनची येते.

एक तपासणी डबा निवडताना जरूर करा. फार कमी लोक करतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसं भरा, पाच झाडा आणि सहावं काढून त्याच्या नव्या भावंडाशेजारी टेबलावर उभं करा. धक्क्याने गोळी पुंगळीतून थोडी पुढे सरकली असेल तर दोघांच्या उंचीत फरक नखाला कळतो. जास्त सरकली तर गोळीचं नाक सिलिंडरबाहेर येऊन सिलिंडर फिरायचाच थांबतो. रायफलमध्ये नेमकं उलट होतं. नळीची स्प्रिंग आणि धक्का गोळीला पुंगळीत आत दाबतात, दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो. तिथे नळीतलं शेवटचं काडतूस काढून बघायचं. दोन्हीकडे टिकतो तो डबा ज्याच्या पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट मुडपलेलं असतं. हे मुडपणं बोटाने चाचपून कळतं, कड गोळीत रुतलेली लागते.

.३८ बद्दल दोन गोष्टी. .३८ ची पुंगळी आखूड, म्हणून शे-दोनशे गोळ्यांनंतर चेंबरमध्ये तिच्या तोंडाशी काजळीचं कडं तयार होतं. मग .३५७ ची लांब पुंगळी त्या कड्यात अडकते, कधी आत जाताना तर कधी बाहेर येताना. सरावानंतर चेंबरचा ब्रश एक माप मोठा घेऊन फिरवा, साध्या बॅरलच्या ब्रशने ते कडं निघत नाही. दुसरं, पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली वॉडकटर गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये उत्तम चालते, पण लिव्हर रायफलच्या लिफ्टरला, म्हणजे काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीला, ती फारच तोकडी पडते आणि काडतूस आडवं होऊन अडकतं. रायफलच्या सरावाला गोलसर किंवा चपट्या नाकाची .३८ घ्या. आणि मोसमाच्या आदल्या आठवड्यात घरातले .३८ चे सगळे डबे वेगळ्या कपाटात. मचाणावर खिशातून चुकून .३८ निघालं तर हरणाला नुसती जखम होईल.

आता रायफल. तुमच्या पत्रातल्या एका ओळीने, चष्म्याच्या, निम्मं उत्तर दिलेलं आहे. छेचाळिसाव्या वर्षी नेम धरायच्या मागच्या खाचेची कड, बॅरलवरचा पुढचा मणी आणि हरीण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत, जेव्हा हरणं खरी हलतात, तेव्हा तर नाहीच. तुम्हाला दुर्बीण लागेल, १ ते ४ पटीची, किंवा साधा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारं साइट. रोसी आर९२ ही विंचेस्टरच्या १८९२ च्या आराखड्याची ब्राझीलमध्ये बनणारी नक्कल आहे. आराखडा फार मजबूत, रायफल हलकी, पाच-सहा पौंडांची. पण पुंगळी वरून उडते. रिसीव्हरवर, म्हणजे चेंबरमागच्या मधल्या धातूच्या भागावर, दुर्बीण बसवली की तिची वाट अडते. पुढे बॅरलवर बसवायची, डोळ्यापासून लांब असूनही दिसणारी दुर्बीण मिळते, किंवा मागे छिद्राचं साइट लावता येतं. छिद्रातून बघताना डोळा मागची कड विसरतो, फक्त मणी आणि हरीण उरतात, त्यामुळे धूसरपणाचा त्रास बराच घटतो. हाताला हलकी आणि खिशाला स्वस्त म्हणून रोसीवरच मन बसलं असेल, तर छिद्राच्या साइटचा खर्च तिच्या किमतीत मिळवून हिशेब करा. नव्या रोसीच्या स्प्रिंगा कडक असतात, पहिले दोन-तीनशे राउंड लिव्हर जड चालते, तो दोष नव्हे.

मार्लिन १८९४ आणि हेन्री बिग बॉय या दोघींची पुंगळी बाजूने उडते, वर दुर्बीण सरळ बसते. तुमच्यासाठी निवड या दोघींत. हेन्रीत पितळी रिसीव्हरची घेऊ नका. दिसते देखणी, पण वजन साडेआठ पौंडांच्या वर जातं. स्टीलची सुमारे सात पौंडांची आहे. हेन्रीत काडतुसं पुढून, नळीचा आतला पितळी दांडा वर ओढून भरतात. साइड गेटच्या, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूला भरायची खिडकी असलेल्या, मॉडेलमध्ये दोन्हीकडून. या दांड्याचा खरा फायदा रिकामी करताना आहे. संध्याकाळी मचाणावरून उतरायच्या आधी दांडा काढा, नळी तिरपी करा, काडतुसं हातात ओतली जातात, मग लिव्हर एकदाच चालवून चेंबरमधलं काढा. नुसत्या साइड गेटच्या रायफलीत प्रत्येक काडतूस चेंबरमधून नेऊन बाहेर काढावं लागतं, थंडीने बोटं बधिर झालेली असतात, आणि चाप जवळच असतो. तुम्ही नवखे आहात म्हणून मी हेन्री स्टील, .३५७, साइड गेटची, असं म्हणेन. मार्लिन रुगरने २०२० मध्ये विकत घेतली, आता १८९४ रुगरच्या कारखान्यात बनते आणि काम सुबक आहे. किंमत जास्त पडते, मिळाली आणि परवडली तर तीही घ्यावी.

जुनी मार्लिन कुणी दाखवली तर एक जागा तपासा. लिव्हरचं पुढचं टोक आत लिफ्टरला घासून तिथे हळूहळू खाच पाडतं. खाच खोल झाली की दोन काडतुसं एकदम लिफ्टरखाली शिरतात आणि रायफल जाम होते, इतकी की लिव्हर उघडतही नाही आणि मिटतही नाही. दुकानात लिव्हर उघडून बॅटरीच्या उजेडात लिफ्टरचा खालचा भाग बघा. कोणतीही रायफल घेताना डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं मागा. तीन भरा आणि लिव्हर एकदा सावकाश, एकदा जोरात, शेवटपर्यंत चालवा. सावकाश चालवल्यावर अडखळली तर रायफल संशयित. जोरात पण अर्धवट चालवल्यावर अडखळली तर हाताची सवय चुकीची. लिव्हर पुढे ठोकेपर्यंत, मागे ठोकेपर्यंत. लिव्हर रायफलच्या निम्म्या तक्रारी या अर्धवट हातातून येतात.

दुर्बीण लावल्यावर घोड्याला, म्हणजे मागच्या हॅमरला, बोट पोचत नाही. घोड्याला बाजूने बसणारा छोटा खुंट मिळतो, तो त्याच दिवशी घ्या. भरलेल्या रायफलचा घोडा हळूच खाली सोडताना बोट निसटणं हा या जातीतला सर्वांत जुना अपघात आहे. बॅरल जमिनीकडे, मोकळ्या मातीकडे ठेवूनच तो सोडा, आणि हातमोजे काढून.

रेंजवर तीन वेगवेगळे शिकारी लोड घेऊन जा. ५० यार्डांवर प्रत्येकी पाच गोळ्या. ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सगळ्यांत जवळ पडतात तो लोड ठेवा, बाकीचे सोडा. मग त्याच लोडने नेम १०० यार्डांवर बसवा. ५० वर गोळी साधारण एक-दीड इंच वर लागेल, १५० वर सहा-सात इंच खाली जाईल. हरणाच्या काळजा-फुप्फुसाचा पट्टा आठेक इंचांचा, म्हणून ८० यार्डांच्या आत तुम्हाला नेम वरखाली करायची गरजच पडत नाही. सरळ धरा. ७५ यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांत आल्या तर रायफल तयार. शेवटी ठरलेल्या लोडची वीस काडतुसं तीन-तीन भरून, मचाणावर घालणार तोच जाड कोट घालून, बसून झाडा. एकही अडकता कामा नये. आणि थंड, स्वच्छ पुसलेल्या बॅरलची पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं लिहून ठेवा. हरणाला तीच गोळी मिळणार आहे. मचाणावरही इलेक्ट्रॉनिक इअरमफ वापरा, त्यांतून पाचोळा वाजलेला ऐकू येतो आणि बार दबतो.

हरीण तुमच्याकडे कूस करून उभं असतानाच गोळी टाका. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, पोटाकडून एक तृतीयांश उंचीवर. मचाण उंच असेल तर गोळी कुठून बाहेर पडेल ते मनात धरून नेम किंचित वर. गोळी लागल्यावर लगेच दुसरं काडतूस आत, आणि मग अर्धा तास जागचे हलू नका.

राहिला मित्राचा प्रश्न, आणि हा अमेरिकेतल्या आपल्या अनेक वाचकांचा आहे. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, विकत घेण्यापुरती नव्हे, नुसती हातात धरायलाही. काडतुसांनाही तेच लागू. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या लोकांच्या कामाचा एक: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. दुकानात बंदूक-खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरताना व्हिसाचा प्रश्न येतो, तिथे हाच परवाना दाखवावा लागतो. परवाना संपला त्या दिवशी अपवाद संपतो. मनाई आहे हे माहीत असूनही जो बंदूक हातात देतो, तोही गुन्हेगार ठरतो, म्हणजे इथे तुम्ही. फेडरल बंदूक-गुन्ह्याची नोंद व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळंच उधळते. तेव्हा मित्राने स्वतःच्या नावाने हंटर एज्युकेशन करून परवाना काढेपर्यंत तुमची रिव्हॉल्व्हर, रायफल आणि खिशातली काडतुसं, काहीच त्याच्याकडे देऊ नका, 'जरा धर' म्हणूनही नाही. मचाणाखाली नुसता सोबतीला यायचा असेल तर येऊ द्या, केशरी जाकीट आणि टोपी घालून.

परवाना काढला तरी तुमची ४.२ इंची रिव्हॉल्व्हर त्याला हरणावर चालवता येणार नाही, ते वर आलंच आहे. त्याला खरंच शिकार करायची असेल तर पुढच्या वर्षी परवाना आणि हरणाचं परमिट काढून तुमच्याच रायफलने, तुमच्या शेजारी बसून, आळीपाळीने सुरुवात करू द्या. सराव मात्र परवाना हातात पडल्यावर लगेच सुरू करा, .३८ च्या डब्याने.